या वर्षीचा मुराळी

प्रिय भाऊ,

तू असताना तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय, कारण चार वर्षं बंद पडलेली तुझी गाडी दुपारी सुरू झाली. उद्या सकाळी तिच्यावरून मी साक्रीला निघतोय, आपल्या अक्काला आखाजीच्या सणासाठी माहेरी आणायला. तुला सांगितल्याशिवाय निघवत नाही.

तूही याच कामाला निघाला होतास. धुळ्याच्या अलीकडे ट्रकने उडवलं. गाडी टेम्पोतून घरी आली, ती गोठ्यामागे गेली आणि तिच्यावर कडबा पडत राहिला. लोक म्हणायचे, भंगारात देऊन टाका. मायने दिली नाही आणि कुणाला हातही लावू दिला नाही.

होळी झाल्यावर मी तिला अंगणात ओढलं. सायलेन्सरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता! टाकीत खडे आणि रॉकेल घालून गंज निघेपर्यंत हलवत बसलो. पुढच्या चाकाचा वाकलेला फोर्क चोपड्याला सलीम मिस्त्रींकडे नेला. त्यांनी विचारलं, "चलानी है, के याद में रखनी है?" चालवायची आहे म्हटल्यावर त्यांनी तो सरळ करून द्यायला नकार दिला, दुसराच घ्यायला लावला. सायकलची चेन न चढवता येणाऱ्या तुझ्या भावाने कार्बोरेटर तीनदा खोलला. तू पोट धरून हसला असतास.

माय या सगळ्याकडे बघतही नव्हती. गाडीला वळसा घालून पाण्याला जायची.

आता खरं लिहितो. त्या वर्षी मुराळी म्हणून अक्काला आणायला जायची पाळी माझी होती. अक्काने पत्रात मलाच लिहिलं होतं, या खेपेला तू ये. आणि मी पारावर पत्त्यांत बसलो होतो. आखाजीचे दिवस, डाव रंगलेला, उठवेना. तू गाडी काढलीस तेव्हा मी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. कान धरून उठवायचं होतंस ना मला! का नाही उठवलंस?

त्यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटते. तुझ्या दहाव्याला, बठ्ठं, अगदी सगळं गाव बसलेलं असताना, मी अक्काला म्हणालो, "तुला घ्यायला गेला, म्हणून गेला." तेव्हापासून ती घरी आलेली नाही. दर आखाजीला पोस्टकार्ड येतं, शेतात कामं आहेत म्हणून. ऐन उन्हाळ्यात कसली आलीत कामं, भाऊ?

आज दुपारी सगळं बसवून झालं, तर प्लग गायब. आदल्या दिवशी पुसून ओट्यावर ठेवलेला. मायला विचारलं, तर म्हणे माले काय ठाऊक. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिचा आवाज चढला, "नही जावानं त्या गाडीवर! एक गया, तो पुरे शे."

मग माझाही तोल गेला. अंगणात उभा राहून मी ओरडलो, त्या दिवशी जायचं मला होतं, मी पत्ते खेळत होतो, अक्काचा काही दोष नाही. चार वर्षं घशात अडकलेलं एका दमात बाहेर आलं.

माय आत गेली. पिठाच्या डब्यातून प्लग काढून आणला आणि माझ्या हातावर ठेवला.

"माले बठ्ठं ठाऊक शे," ती म्हणाली. "तो तुले उठाडाले निघना व्हता. मीच त्याले सांगं, धाकलाले खेयू दे, तू जाय."

म्हणजे तू मला उठवायला निघालाच होतास, तिनेच मला खेळू दे म्हणून तुला धाडलं, आणि तिनेही चार वर्षं हे पोटात ठेवलं होतं. आम्ही दोघं एका घरात, एका चुलीवर जेवत गप्प बसलो आणि दोष एकट्या अक्काच्या माथी राहू दिला. याहून मोठं पाप काय असतं रे?

पीठ पुसून प्लग लावला. किक मारून पाय सुजला, दोनदा किक उलटी बसली. मग धूर ओकत गाडी सुरू झाली. माय दाराला धरून आवाज ऐकत होती. मला वाटलं रडेल. ती चपला शोधायला लागली.

"माले बी लई चाल. तिले मी सांगसू. येताना मी येष्टीमा येसू, ती तुना मांगे बसी."

तुझ्या मागे कधी बसली नाही माय, पडेन म्हणायची. आठवतं? आणि आता म्हणते, मलाही घेऊन चल; येताना अक्काला गाडीवर बसवून स्वतः एसटीने येणार.

तर भाऊ, शब्द देतो. गाडी सावकाश चालवीन. अक्काच्या दारात पाणी घेण्याआधी सगळं सांगीन. आणि ती आली तर तिला आधी पारावर नेईन. तिला बोल लावला तेव्हा गाव बसलेलं होतं, तो परत घेतानाही गाव बसलेलं असेल. डाव थांबवायला लावीन. नाही आली, तर पुढच्या वर्षी पुन्हा जाईन, त्याच्या पुढच्याही.

मायने आत्ताच विचारलं, मागे बसल्यावर धरायचं कुठे. मी म्हटलं, मला धर.

तुझा धाकटा,
सुभाष