माले

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी माझ्या फायलीत तुमचा दाखला अजून सगळ्यात वर आहे. शाळेच्या कागदावर, तुमच्या तिरप्या अक्षरात एकच ओळ: 'हिला मुलांचं बोलणं कळतं.' धुळ्याच्या विशेष मुलांच्या शाळेत तुमच्या हाताखाली नऊ वर्षं काढली, त्याचं एवढंच. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाई, पद लिहा, काय काय काम केलं ते लिहा. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "आजून काय लिखू?" मी आता असते त्या जळगावच्या थेरपी सेंटरमध्ये ऑफिसातल्या मुलीने तो कागद उलटा करून पाहिला, मागे आणखी काही असेल म्हणून.

आपण शाळेत करायचो त्यातल्या बऱ्याच गोष्टींना आता वर्तन विश्लेषण म्हणतात, आणि त्याच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली टेक्निशियन, म्हणजे मी. चाळीस तासांचं प्रशिक्षण आणि एक परीक्षा. मग मुलासमोर बसून ठरवून दिलेलं करायचं आणि दर वेळची खूण तक्त्यावर करायची. योजना बदलायची नाही. त्याच्या वर असिस्टंट अनॅलिस्ट. त्याला पदवी लागते. त्याने योजनेत हात घालायचा, पण वरच्याच्या देखरेखीखाली. त्याच्या वर अनॅलिस्ट. पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखाली केलेलं कित्येक महिन्यांचं काम, मोठी परीक्षा. योजना त्याची. पुढे डॉक्टरेट लागली की नाव लांबतं, काम जवळपास तेच राहतं. अमेरिकेची ती मोठी परीक्षा आता आपल्याकडच्यांना देता येत नाही, म्हणून लोक दुसऱ्या संस्थांच्या परीक्षा देतात. त्यांच्या पदांची नावं वेगळी. तुमच्याकडे होती ती विशेष शिक्षकाची सरकारी नोंदणी आणखी वेगळी, आणि ती यातल्या कोणत्या पायरीला बसते ते मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही. पालक विचारतात, "मॅडम, तुम्ही डॉक्टर का?" मी नाही म्हणते. "मग नर्स?" तेही नाही म्हणते. 

पदांच्या या घोळाची मला चीड नाही; चिडायचं कारण वेगळंच आहे. दोंडाईच्याकडचं एक कुटुंब जळगावात राहायला आलं. त्यांची पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे असते. तिला एकच शब्द येत होता, 'माले'. आमच्या अनॅलिस्ट मॅडम पुण्याहून व्हिडिओवर बघतात. हुशार आहेत, माझ्याहून वयाने लहान. त्यांनी ते 'माळे' ऐकलं आणि योजनेत लिहिलं: मुलगी मण्यांची माळ मागते, मागितली की लगेच द्यावी. मी दिली. ती माठाकडे बघत 'माले' म्हणायची, मी हातात माळ ठेवायची, ती माळ भिरकावायची. मी खूण करायची: वस्तू फेकली. तीन आठवडे. पाणी तिला तास संपल्यावर मिळायचंच, पण मागून कधी मिळालं नाही.

शेवटी तिच्या आईने काचेतून पाहिलं आणि दार ढकलून आत आली. "मॅडम, ती माळ नही मांगस! माले म्हणस. माले दे, आसं. बठ्ठा गाव असंच बोलस!"

तुमच्या वर्गातला तो दिवस मला तिथेच आठवला. मी सावद्याहून नवीन आलेली. एक मुलगा माठाकडे हात करून 'माले, माले' म्हणतोय, आणि मी पेला उंच धरून त्याला शिकवतेय, 'मला म्हण. म-ला.' तुम्ही माझ्या हातातून पेला काढून घेता. "तुन्हा सावदामा केळी पिकतस का व्याकरण? त्याले पाणी दे आधी. मंग शिकाड तुन्हं मला." सगळा वर्ग हसतो. मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलत नाही.

मॅडमनी योजना लगेच बदलली. आता 'माले' म्हणजे 'मला' धरायचं, आणि ती बघेल ते द्यायचं. पण मुलगी ते म्हणायचीच थांबली आहे. माझी ओढणी धरून माठाकडे ओढते, तोंड मिटलेलं. मॅडमनी फोनवर मला विचारलं, "ताई, तुमच्या लक्षात नाही आलं का?" मी म्हटलं, "नाही मॅडम." "असू दे, तुमची चूक नाही. योजना माझी होती," असं म्हणाल्या, शिवाय वरच्या पायरीचा अर्जही पाठवून दिला. कामाची आणि समजुतीची माणसं हवीत म्हणे.

आज तो भरायला बसले आहे. अनुभवाचे दाखले जोडा, असं शेवटच्या रकान्यात आहे. तुम्ही असतात तर मी हे तुम्हाला सांगितलं असतं की नाही, माहीत नाही. बहुतेक नसतं. ती मुलगी पहिल्यांदा 'माले' म्हणाली तेव्हाच मला कळलं होतं. योजना बदलणं माझ्या पायरीचं काम नव्हतं, पण फोन करून सांगायला कोणती परीक्षा लागत नव्हती. तुमचा दाखला खोटा नाही, बाई. म्हणूनच तो जोडायला हात धजत नाही.