भुलीची तयारी

६ सप्टेंबर
मुलीचं बाळ पायाळू आहे. पोटात डोकं वर आणि पाय खाली करून बसलंय, फिरायला तयार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उगाच जोखीम नको, तारीख ठरवून सिझेरियन करू. घरी आल्यावर दारात चपला काढताना मुलगी म्हणाली, बाबा, मला आत एकटीला जायचं नाहीये.
जावई जहाजावर, तो बाळंतपणानंतरच उतरणार. तिची आई नाही. उरलो मी.
म्हटलं, मी येतो. त्यात काय!
मला काहीच वाटलं नाही. स्वभावच शांत आहे.

८ सप्टेंबर
हॉस्पिटलचा नियम कळला. आत सोबत जायचं असेल तर त्या माणसाने सिझेरियनच्या शिकवणीला बसलंच पाहिजे. एक वर्ग जरी बुडाला तरी बाहेरच्या बाकावर. प्रेसच्या मालकांकडे शनिवारची दुपार मागितली. कशाला, म्हणाले. बाळंतपणाचा क्लास आहे, असं सांगितलं. मालक बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत होते. सुट्टी दिली.

११ सप्टेंबर. पहिला वर्ग
तळमजल्यावरची खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला चटया गुंडाळून ठेवलेल्या, टेबलावर रबरी बाहुली. सगळे नवरे माझ्या निम्म्या वयाचे. एका बाईने मुलीला हळूच विचारलं, हे मिस्टर का? मुलगी म्हणाली, नाही हो, बाबा. बाई म्हणाली, तरीच इतके व्यवस्थित बसलेत.
माहितीपत्रक वाटलं. मी मुद्रितशोधक. हातात छापील कागद आला की पेन आपोआप निघतं. 'टाके' ऐवजी 'टाळे' छापलंय. टाळे आपोआप विरघळतात म्हणे! ते दुरुस्त करेपर्यंत शिकवणाऱ्या सिस्टरांचं भुलीबद्दल सांगून झालं होतं. हरकत नाही. शब्द माझ्या ओळखीचा आहे.
घरी येताना चिंतन केलं. भूल म्हणजे चूक. भूल म्हणजे विसर. ज्याला भूल दिली, त्याला पुढचं काही आठवत नाही. म्हणजे बाळ जगात येणार आणि त्याच्या आईलाच त्यातलं काही ठाऊक नसणार. कुणीतरी ते जपून ठेवायला हवं.
संकल्प: तिच्या वतीने सगळं मी लक्षात ठेवणार. पहिला आवाज, कोण काय बोललं, सगळं. नंतर तिला सांगणार.
तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, बाबा, तुमचं लक्ष कुठे होतं? मी जागीच असणारे. फक्त छातीखालचं काही कळणार नाही.
बिचारी. भीतीपोटी काहीबाही बोलते.

१४ सप्टेंबर
रक्त बघायची सवय हवी. बाजारातून बीट आणलं. पहिला काप काढला. बीट फारच निबर निघालं. ठेवून दिलं.

१८ सप्टेंबर. दुसरा वर्ग
फिल्म दाखवली. दिवे मालवले की माझं मन अंतर्मुख होतं. डोळे मिटून पाहिली. मग पाठीत देतात ती सुई दाखवली. त्याच वेळी मला तहान लागली. बाहेर पाणी पिऊन आलो तोवर सुई डब्यात गेली होती.
नंतर खोकण्याचा सराव. ऑपरेशननंतर खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरायची, म्हणजे टाक्यांना ताण बसत नाही. सिस्टर म्हणाल्या, आजोबा, या पुढे, दाखवा सगळ्यांना. मी उशी धरून खोकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक नवरा म्हणाला, काका, तुम्हीच ॲडमिट व्हा.
मुलगी कितीतरी दिवसांनी हसली. तेवढ्यासाठीच मी जरा जास्त खोकलो.

२१ सप्टेंबर
ऑपरेशनचा मजला बघायला नेलं. दाराला तेव्हा हिरवा रंग होता, आता पांढरा आहे. तिच्या आईला याच दारातून आत नेलं होतं. मी बाहेर होतो. मग डॉक्टर बाहेर आले, ती नाही आली. बाक तोच आहे.
असो.
मुलगी म्हणाली, बाबा, तुमचे हात गार पडलेत. एसी फार होता.

२५ सप्टेंबर. शेवटचा वर्ग
सोबतच्या माणसाने उशाशी बसायचं. पोटाच्या अलीकडे लावलेल्या पडद्यावरून डोकावायचं नाही. गरगरलं तर लाज न बाळगता सांगायचं, आम्हाला दोन पेशंट नको आहेत, असं सिस्टर म्हणाल्या. हे सांगताना सारख्या माझ्याकडेच बघत होत्या. बहुधा मीच सगळ्यांत मन लावून ऐकतो म्हणून.

२८ सप्टेंबर, सकाळ
देवापुढे बसलो. मला मागायची सवय नाही. आज मागितलं. थोडंच.
खिशात पेन ठेवलंय. निघतो.

२९ सप्टेंबर
नात झाली. दोघी सुखरूप.
काल आत काय घडलं ते मला मुलीने सांगितलं.
ती जागी होती. सगळा वेळ. भूल म्हणजे विसर नव्हे, फक्त बधीरपणा. पत्रकात तसं छापलंही होतं. तिथे चूक नव्हती, म्हणून माझी नजर अडली नसावी.
माझ्या आठवणीत इतकंच आहे: मी उशाशी बसलो, तिचा हात धरला, घाबरू नकोस म्हणालो. मग मला बाकावर पडल्या पडल्या छत दिसलं. तोच बाक.
मुलीचं म्हणणं, मी स्टुलावरून सावकाश उजवीकडे कललो. तेव्हा अजून कापायलाही घेतलं नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अरे, मी हिला भूल दिली आणि लागली यांना! सगळे हसले. मुलगीही हसली. पुढे ते आठवून पुन्हा हसत होती, तेव्हाच तिला बाळाचा आवाज आला.
मी विचारलं, पण तुझा हात तर मी शेवटपर्यंत धरला होता ना?
ती म्हणाली, मी धरला होता, बाबा. तुम्हाला उचलताना सिस्टरांनी सोडवून घेतला. मी सोडतच नव्हते.
मी पत्रकाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

३० सप्टेंबर
जावयाचा फोन. बाबा, तुम्ही आत होतात, सगळं सांगा. सांगितलं. आधी डोकं दिसलं, मग इवलेसे खांदे, मग पाय. पलंगावरून मुलगी म्हणाली, आधी पाय, बाबा. डोकं शेवटी.
दुरुस्ती केली. पुढे तिनेच सांगितलं, मी फोन धरून उभा राहिलो.
आता ती झोपली आहे. नात माझ्या उजव्या हातावर. हाताला आधी मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं. सिस्टर येऊन म्हणाल्या, आजोबा, द्या इकडे, हात अवघडला असेल.
म्हटलं, राहू दे. मला काहीच कळत नाहीये.