रविवारच्या दोन हजेऱ्या

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, असं धरून लिहितोय. सहा वर्षांनी लिहिताना आधी तब्येत विचारायला हवी, पण ती मुद्दाम विचारत नाही. का, ते पुढे कळेल. मी अजून वजनमापे खात्यातच आहे. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासतो, दुकानदार चहा पुढे करतात, मी तो पीत नाही. केस मागे गेलेत, पोट पुढे आलंय, स्वभाव मात्र जागच्या जागी आहे. तुझी वहिनी कचेरीतली नोकरी सांभाळून अजून राखीव सैन्यदलात ट्रक चालवते. महिन्यातला एक शनिवार-रविवार प्रशिक्षण असतं, रात्रीचा मुक्काम तिकडेच.

दोन महिन्यांपूर्वी बँकेच्या कर्जासाठी तिच्या दलातल्या पगाराची पावती हवी होती. पावतीवर ‘हजेऱ्या: दोन’ असं लिहिलेलं. शनिवारची एक, रविवारची एक, मला सगळं चोख वाटलं. दुसऱ्या दिवशी आमचे लेखनिक सांगायला लागले की त्यांच्या मुलीला, ती त्याच दलात आहे, एका शनिवार-रविवारचा चार दिवसांचा पगार मिळतो. मी म्हटलं, दोनाचे चार होतात कसे? एक तर तुमची पोर थाप मारतेय, नाहीतर दलात कुणीतरी हात मारतोय. त्यांनी नियमांचं पत्रक आणून माझ्यापुढे ठेवलं. दलात पगारासाठी दिवस मोजत नाहीत, सत्रं मोजतात. किमान चार तासांचं सत्र म्हणजे एक हजेरी, दिवसाला फार तर दोन, आणि दर हजेरीला मूळ पगाराचा पूर्ण दिवस. वर्षातून एकदा पंधरा दिवसांचं शिबिर असतं, त्याला मात्र एका दिवसाला एकाच दिवसाचा पगार. लेखनिकांची माफी मागायची सोडून मी घरी आलो आणि वहिनीच्या जुन्या पावत्या काढल्या. आधी दर महिन्याला चार, आणि शेवटचे तीन महिने दोनच. म्हणजे दोन्ही शनिवारच्याच. ती शनिवारी पहाटे गणवेश घालून निघत होती, रविवारी संध्याकाळी गणवेशातच परत येत होती, आणि रविवारी दलात नव्हतीच.

माझ्या मनात पाल चुकचुकली म्हणणं फारच कमी झालं, तिथे पालींचं बिऱ्हाडच थाटलं गेलं. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, आज काय शिकवलं? म्हणाली, टायर बदलले आणि एक कंटाळवाणं भाषण ऐकलं. तिच्या हाताला डिझेलचा वास नव्हता, कसल्यातरी मलमाचा होता. ती आंघोळीला गेल्यावर मी तिची पिशवी उघडली. आत साधे कपडे आणि मऊ चपला. तिच्या तुकडीतला एक हवालदार फोनवर तिला ताई म्हणतो, मी त्याच्यावरसुद्धा संशय घेतला. महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही. तिने दोनदा विचारलं, काय झालंय? मी वर्तमानपत्र पुढे धरलं. मला तिला रंगेहाथ पकडायचं होतं.

या महिन्यातल्या त्या रविवारी मी सकाळी सातलाच दलाच्या फाटकासमोरच्या बेकरीत जाऊन बसलो. आठ वाजता ती साध्या कपड्यांत बाहेर आली आणि बसमध्ये चढली. मी शेवटच्या बाकावर, तोंडापुढे वर्तमानपत्र. ती उतरली, मी उतरलो. ती एका इमारतीत शिरली. मी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. थोड्या वेळाने पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीचं दार उघडलं आणि वॉकर ढकलत तू बाहेर आलीस. वहिनी मागून तुझी कंबर धरून मोठ्याने पावलं मोजत होती. सातव्या पावलाला तू तिला एक शिवी हासडलीस आणि ती खो खो हसली. मी दुकानदाराला विचारलं, या बाईंना काय झालंय? म्हणाला, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाच महिने होत आले. घरचं कुणी नाही बिचारीला, एक भावजय तेवढी येते. मी कोण, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

ठमे, आता ते दुसरं. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, तू त्यांचा हात धरून एका कागदावर सही करून घेताना मी पाहिलं, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर तुला विचारलं की घर नावावर करून घेतलंस का. तू फाईल माझ्या हातात दिलीस, तपासून घे म्हणालीस आणि निघून गेलीस. परक्यांचे तराजू तपासणाऱ्या माणसाने ती फाईल दोन वर्षं उघडली नाही. उघडली तेव्हा कळलं, तो ऑपरेशनला संमती देणारा कागद होता. याला चार वर्षं झाली. चार वर्षं मला माहीत आहे की तू खरी होतीस. चार वर्षं मी लाजेने गप्प बसलो, आणि तू पडलीस तेव्हा तुला माझी आठवणही नको झाली. माझी चूक होती. मला माफ कर.

वहिनीला अजून काही बोललो नाही. तिचा पाठलाग केला हे सांगायची मला तुला हे लिहिण्यापेक्षाही जास्त भीती वाटते, पण आज रात्री सांगणार आहे. पत्रक मी पुढेही वाचलं. वर्षाच्या हजेऱ्या पुऱ्या भरल्या नाहीत तर ते वर्ष पेन्शनला धरत नाहीत. तिने तुझ्यासाठी तिचं वर्ष पणाला लावलंय आणि घरी त्याबद्दल अक्षरही काढलेलं नाही. म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात तिला दलात थांबू दे, रविवारी मी येतो. आणि मधल्या रविवारी, जेव्हा तुझ्याकडे कुणीच येत नाही, तेव्हाही मीच येईन. कंबर कशी धरायची ते तिच्याकडून शिकून येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर जिन्यात बसेन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
दादा