मठाचा अंगारा आणि वाटाभर निवट्या

भिवंडी, गुरुवार

ती. माईवन्सं यांना सुवर्णाचा, गुडघे परवानगी देतात तेवढा वाकून नमस्कार.

तुमचं पार्सल सोमवारी पोचलं ते असं: आमसुलं अर्धा किलो, मेतकुटाची एक बरणी (झाकण निघालं होतं, पण सांडलेलं कागदावरून झटकून घेतलं), आणि मठातल्या धुनीचा अंगारा, पत्र्याच्या डबीत. टपालखर्च ९४ रुपये. त्याच सकाळी दारावर कोन गावची चंद्रा मासळीवाली आली: जिवंत निवट्या एक वाटा, मागितले ३००, दिले २२०. दोन्ही जिन्नस एकाच दिवशी घरात आले, तिथंच घोटाळा झाला. तुमची कंबर कशी आहे?

फोनवर तुम्ही विचारलंत, अंगारा लागला का गं? मी म्हटलं, लागला. ते खोटं नाही. कुणाला लागला, ते सांगायचं राहिलं; कारण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि मठातली मंडळी शेजारी बसलेली असतात (खोकला ऐकू आला). म्हणून हे पत्र.

आल्हादच्या क्षितिजाला पाचवा महिना लागला तरी पोटात काही ठरेना. पेज उलटते, वरण उलटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाअखेर वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावू. परवाच्या रविवारी सूनबाई हळूच म्हणाली, "आई, निवट्यांचं कालवण खावंसं वाटतंय." मी तिथंच ठरवलं, खाडीत स्वतः उतरावं लागलं तरी हिला निवट्या खाऊ घालायच्या.

आता निवटी तुम्हाला ठाऊक आहे. बोटाएवढी, खाडीच्या चिखलातली, डोळे पार टाळूवर, आणि अंग इतकं बुळबुळीत की मुठीत आहे म्हणेस्तोवर सुटलेली. चंद्रा बजावून गेली, "वयनी, राखेबिगर धरू नको, हातान ऱ्हायाची न्हाय." गॅसच्या घरात राख कुठली? मी मीठ लावून बघतेय तोवर चार जणी बादलीबाहेर चढल्या (पुढच्या परांवर चालतात हो, कोपरांवर रांगल्यासारख्या) आणि एक सरळ देवघराकडे निघाली. मी झाडू घेऊन मागे. ह्यांना ओरडून सांगितलं, "राख आणा, कुठूनही आणा!" चौतीस वर्षांच्या संसारात तुमच्या बंधूंनी माझं पहिल्यांदाच लगेच ऐकलं. चौघींना पकडून वळते तर बादलीतल्या बाकी सगळ्या राखाडी, आणि दत्तोपंत रिकामी डबी घेऊन उभे. म्हणतात, "राख छान चाळलेली आहे गं!"

क्षितिजा स्टुलावर बसून पोट धरून हसत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मी देवापुढे बसले. टाकून द्याव्या तर अंगाऱ्याचा अपमान, शिवाय २२० रुपये. मग मनाशी म्हटलं, अंगारा आला क्षितिजासाठी, निवट्याही क्षितिजासाठी. ते वाटेत एकमेकांना भेटले तर आपण कोण आडवं येणार? उठले, घासल्या, धुतल्याचं पाणी मोरीत न सोडता जास्वंदीला घातलं, आणि तुमचीच आमसुलं टाकून कालवण केलं. वन्सं, पोरगी दोन वाट्या जेवली आणि सगळं पोटात ठरलं. मंगळवारी सकाळची पेजसुद्धा ठरली. देवाची क्षमा मागून पाच गुरुवार धरलेत, ह्यांनाही धरायला लावलेत.

तुमची,
सुवर्णा

ता.क. अंगारा पुन्हा पाठवा, क्षितिजाच्या कपाळाला लावायला. डबीवर मोठ्या अक्षरात 'अंगारा' असं घाला.

ता.क. दुसरा. एक नको, दोन डब्या पाठवा. त्या पळालेल्या चौघींना अंगारा लागला नव्हता. वेगळ्या बादलीत, वर पाट ठेवून जपल्या होत्या, त्या काल इस्त्रीवाल्याकडच्या राखेत घासून केल्या. बुळबुळ तशीच साफ गेली, पण पोरीचं तासाभरात सगळं उलटलं. आता गुण निवटीचा की धुनीचा, हे पोरीवर पुन्हा तपासून बघायची माझी तयारी नाही. अमावास्येच्या भरतीनंतर चंद्रा येणार, दुसऱ्या दिवशी वजन. एवढा अंगारा कशाला, असं मठात विचारलं तर खोटं बोलू नका, नुसतं "लागतो" म्हणा. आणि कधी पाठवताय ते उलट टपाली कळवा. फोन नको.