एझ्रा पिटफील्डची खोली

हे मृत्युपत्र लिहून ठेवतो मी, रूबेन हॅलेट, वय एकोणसाठ, धंदा शेती, राहणार लोअर चिल्वर, डॉर्सेट. बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघ्यांविषयी तशी ग्वाही देता येत नाही.

१. घर, गाई आणि शिल्लक पुतण्या क्लेमंट यास. माझे घड्याळ त्याने आधीच नेले आहे; ते दिलेले समजावे.

२. तबेल्यालगतची खोली एझ्रा पिटफील्ड याने हयातभर विनाभाडे वापरावी. क्लेमंट विचारतो, "काका, त्या पळपुट्याला किती दिवस पोसणार?" म्हणून खुलासा करणे प्राप्त आहे.

चौदा साली महायुद्ध पेटले तेव्हा आम्ही शेतकरी आपापले घोडे घेऊन घोडदळाच्या ब्रिगेडमध्ये गेलो. घोडेस्वार पायउतार होऊन लढतात, तेव्हा चौघांतला तीन नंबरचा गडी मागे राहून चारही घोडे धरतो. एझ्रा तीन नंबरचा. पुढल्या वर्षी सरकारने घोडे इजिप्तमध्ये ठेवले आणि आम्हांस तुर्कांशी लढायला गॅलिपोलीला पायदळ म्हणून धाडले. टेकडीवर चाल करताना कॅप्टन विंटलसाहेबांनी सवयीने आरोळी ठोकली, "तीन नंबर, घोडे धरा!" घोडा एकही नव्हता. बाकीचे तीन नंबर हसत पुढे धावले. एझ्राला आज्ञा प्रमाण. तो जागीच उभा राहिला. गोळ्या तिथेही येत होत्या.

परतल्यावर मी ओरडलो, "अरे गाढवा, काय धरून उभा आहेस?"

"सार्जंट, सोडायचा हुकूम कुठे आला?"

पुढे साहेबांनी ब्रिगेडचा इतिहास लिहिला. त्यात "पिटफील्ड मागे राहिला" एवढेच आहे. वाक्य निर्दोष, पण त्यानेच एझ्राचे ठरलेले लग्न मोडले. गुत्त्यात आजही बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. हुकुमाची गोष्ट तो स्वतः कोणाला सांगत नाही. साहेबांची अब्रू जाईल म्हणतो.

३. क्लेमंटने त्याला काढल्यास घर आणि गाई चर्चला जाव्यात. पाद्रीबुवांना गाईंची धास्ती आहे. त्यांची आगाऊ क्षमा मागतो.

४. माझ्या दफनानंतर हा कागद गुत्त्यात मोठ्याने वाचावा.

साक्षीला विंटलसाहेबांनाच बोलावले आहे. वाचून म्हणाले, "रूबेन, हे सगळ्या गावापुढे?"

"मी गेल्यावर, साहेब. एझ्रा माझ्याआधी गेला, तर मात्र उपयोग नाही."

हे लिहीत असता साहेब खिडकीशी पाठमोरे उभे आहेत.

लोअर चिल्वर, ११ मार्च १९३८
रूबेन हॅलेट

साक्षीदार: मेरिएल डॉबनी, शिक्षिका
साक्षीदार: ऑब्रे विंटल, निवृत्त कॅप्टन. मजकूर वाचला. हुकूम माझा होता. आज संध्याकाळी गुत्त्यात मीच सांगेन.