तिथ्यांचा ब्लॉग आणि अधिक ज्येष्ठ

मेलवीथी, तंजावर
आषाढ शुद्ध द्वितीया (तारीख तूच भिंतीवर बघून घे. मी सध्या कुणाला तारीख सांगत नाही. कारण खाली येईलच.)

तीर्थरूप सुप्रभा अक्का हिच्या पायांशी धाकट्या अलमेलूचे दंडवत. इकडे गुडघा सोडून सर्व क्षेम. तुझी साखर, तुझी कंबर आणि तुझ्या लेकाचं, विघ्नेशचं, पित्त यांतलं काय चढलं आणि काय उतरलं ते सविस्तर कळव. फोनवर विचारलं की तू "बरं आहे" म्हणून मोकळी होतेस आणि उलट मलाच दहा प्रश्न विचारतेस, म्हणून हा कागद. शिवाय अप्पांनी आपल्या दोघींकडून गिरवून घेतलेली ही अक्षरं या घरात आता मला एकटीलाच येतात. श्रीकरला मराठी सगळं समजतं, पण देवनागरी म्हणजे त्याला दोरीवर वाळत घातलेलं धुणं. त्यामुळे तो शेजारच्या खोलीत असताना मी त्याच्याविषयी उघडउघड लिहिते आहे आणि तो विचारतो आहे, "पेरियम्माला का लेटर?" (पेरियम्मा म्हणजे मोठी मावशी, तूच.) मी मान हलवते आहे.

तर मूळ पोंगलपासून सांगते. श्रीकर आला, जेवला, आणि हात धुता धुता म्हणाला, "अम्मा, तू इथं एकटी दिवसभर करतीस तरी काय?" चौतीस वर्षं मुलींना बीजगणित शिकवलेल्या बाईला हा प्रश्न! त्याच्या मनात सगळं ठरलेलं होतं. बंगळूरला चौदाव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली, तिला वेगळी न्हाणी, आणि आपलं हे घर एका ट्यूशन क्लासला भाड्याने. मुदत दसऱ्यापर्यंतची. पोरगा वाईट नाही गं, जीव टाकतो माझ्यावर, म्हणूनच तर भांडता येत नाही. मी चौदाव्या मजल्यावरून कुणाला हाक मारू? भाजीवाल्याला? तेव्हा तोंडून निघून गेलं की मला इथं उद्योग आहे. "कसला?" म्हणाला. मी म्हटलं, "ब्लॉग." (हा शब्द मी आदल्याच दिवशी सूनबाईकडून ऐकला होता. विनुता सांगत होती की मैलापूरची कुणी बाई ब्लॉगवर लोणच्यांविषयी लिहून महिन्याला पगाराएवढे पैसे काढते. मला वाटलं, ब्लॉग हा लोणच्याच्या बरणीचा प्रकार असावा.)

बोलून बसले, आता करणं भाग होतं. लोणचं माझं नासतं हे तुला ठाऊक आहे. पण एक गोष्ट या घरात होती. आपल्या माणसांची अडचण तू पुण्यात बसून विसरली असशील. इथं प्रत्येक भिंतीवर तमिळ कॅलेंडर, त्याचे महिने सूर्याचे. आपले आईबाप मात्र चंद्राच्या महिन्याने वारलेले. दरवर्षी ज्याला त्याला कोडं, की आमच्या मामनारांची (तुमच्या पुण्यात सासऱ्यांची) तिथी यंदा कुठल्या तारखेला पडते? आमचे हे होते तोवर सगळे यांना विचारायचे. यांच्या वहीत एकशे बारा घरांच्या तिथ्या होत्या. यांना जाऊन चार वर्षं झाली तरी फोन थांबले नाहीत. लोक नंबर तोच लावतात, आवाज बदललाय हे ऐकून आधी "कोण?" म्हणतात, आणि मग तिथी विचारतात. म्हटलं, तोच ब्लॉग. विनुताने बंगळूरहून फोनवर दाखवत दाखवत तो उभा करून दिला, आणि मी वरती यांचा फोटो लावला. (विनुता म्हणाली की लेखिकेचा लावायचा असतो. मी म्हटलं, ज्यांचा माल त्यांचा फोटो.)

पहिला महिनाभर झाडून सगळं देवनागरीत लिहिलं. वाचक एक, तीही मीच. मग लक्षात आलं की आपल्या लोकांना ही अक्षरं येत नाहीत, तेव्हा तीच मराठी तमिळ अक्षरांत लिहायला घेतली. लोक धपाधप वाचायला लागले, पण जाहिराती देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं की तुमचा मजकूर कुठल्याच भाषेत बसत नाही. साडेतीनशे वर्षं आपण जी बोलतो ती कुठल्याच भाषेत बसत नाही! मी तीन पानी उत्तर धाडलं. त्याला कुणी माणसाने उत्तर दिलं नाही. शेवटी विनुताने प्रत्येक पानावर थोडी इंग्रजी शिंपडली, तेव्हा यंत्राचं समाधान झालं आणि जाहिराती सुरू झाल्या. त्या कशा? श्राद्धाला काय वर्ज्य या पानाखाली चिकन बिर्याणी. महालयाच्या पानाखाली नवविवाहितांसाठी मालदीवची सहल. ओरत्तनाडूहून एकाने विचारलं की ही सहल श्राद्ध केल्यावर फुकट मिळते का.

पैसे यायला लागले. पैसे म्हणजे सेंट. शंभर डॉलर साठल्याशिवाय कंपनी हातात काही देत नाही, आणि माझे दिवसाला तीन सेंट पडत. (गणित मी केलं. माझ्या वयाच्या शहात्तराव्या वर्षी पहिला हप्ता.) हे मी नागलक्ष्मीपाशी बोलले, हीच चूक. नागलक्ष्मी म्हणजे समोरच्या घरातली, मला सख्ख्यासारखी. कुणीतरी तिला सांगितलं की जाहिरातीवर बोट लावलं की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात. तिने मला पत्ता लागू न देता नवस केला. अठ्ठेचाळीस दिवस, रोज आंघोळ करून, देवापुढे बसून, अठ्ठेचाळीस वेळा बोट. अकराव्या दिवशी कंपनीने चोरीचा संशय घेऊन महिनाभर माझं खातं बंद केलं. तिला रागवावं म्हणून गेले तर ती फोनला कुंकू लावत होती. मी कॉफी पिऊन परत आले.

अक्का, इथवर हसण्यावारी होतं. यंदा अधिक ज्येष्ठ आला. तुला माहीत आहे, अधिक महिन्यात वर्षश्राद्ध करत नाहीत, पुढच्या निज महिन्यात करतात. मलाही माहीत आहे. माझ्या कॉम्प्युटरातल्या कोष्टकाला माहीत नव्हतं. त्याला मी सांगून ठेवलं होतं की ज्येष्ठ दिसला की तिथी मांड. पहिला ज्येष्ठ दिसला, त्याने मांडली. गणिताची मास्तरीण म्हणून माझा त्या कोष्टकावर इतका विश्वास की मी ताडून पाहिलं नाही. अकरा घरांना एक महिना आधीची तारीख गेली. तिरुवैयारूच्या रघुराम रावांनी रजा काढली, बहिणीला कोइम्बतूरहून बोलावलं, केळीची पानं कापून ठेवली, आणि आदल्या संध्याकाळी सुंदर शास्त्रींनी विचारलं की अधिक महिन्यात कुणाचं श्राद्ध काढलंत? घरभर पाहुणे, पाटीभर कच्ची केळी आणि श्राद्ध नाही. दोन घरी तर परगावचे शास्त्री होते, तिथे होऊनही गेलं. मला कळलं तेव्हा मी यांची वही काढून बसले. यांच्या वहीत चाळीस वर्षांत एक चूक नव्हती, आणि वर फोटो यांचा लावलेला. त्या रात्री मी रडले, अक्का. हे मी श्रीकरला सांगितलेलं नाही.

ब्लॉगवर दुरुस्ती घालता आली असती. विनुता म्हणाली, लाल अक्षरांत घालू. पण लोकांच्या आईची तिथी चुकवून लाल अक्षरं? मी छत्री घेतली आणि निघाले. टाऊन बसला बायकांना तिकीट नाही, तेव्हा या सगळ्या धंद्यात हीच एक गोष्ट तोट्याशिवाय झाली. चार दिवसांत अकरा घरं. सगळीकडे एकच क्रम. आधी मी दारात हात जोडायचे, मग घरातली बाई मला रागवायची, मग कॉफी, मग यांच्या आठवणी, आणि निघताना तिच्या माहेरची एखादी राहून गेलेली तिथी माझ्या कागदावर चढायची. ज्यांच्याकडे दोनदा श्राद्ध करावं लागणार होतं त्यांच्याकडे तर मी पाटावरसुद्धा बसले नाही. तिथं मी सुंदर शास्त्रींना सोबत नेलं होतं, तेच म्हणाले, "असो की. पितर दोनदा जेवले म्हणून कोण तक्रार करणार?" रघुराम रावांनी त्या केळ्यांचे वेफर मला डबा भरून दिले. ते अजून संपलेले नाहीत.

शेवटचं घर ओरत्तनाडूजवळ तुळजाराम रावांचं. वय अठ्ठ्याहत्तर, फोन नाही, दिसतंही कमी; त्यांच्या वडिलांची चुकीची तारीख सुनेच्या फोनवर गेली होती. ते म्हणाले, मला माझ्या अम्माची तिथी ठाऊकच नाही, मी जन्मभर महालयाच्या अमावास्येला पाणी सोडत आलो. काही म्हणजे काही आठवत नाही का, विचारलं. म्हणाले, मला शाळेत घातलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. अक्का, मी मास्तरीण. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दाखल झाल्याची तारीख असते! ट्रंक काढायला लावली, तळाशी दाखला होता, पिवळा पडलेला. मी तिथेच पायरीवर बसून फोनवर जुनं पंचांग लावून तिथी काढली, आणि या वेळी तीनदा ताडली. त्यांना सांगितली. म्हातारा माणूस माझे हात धरून ओक्साबोक्शी रडला. मीही रडले. त्यांची सून आतून येऊन आम्हा दोघांकडे बघत उभी राहिली आणि मग तिने भात लावला.

परवा श्रीकर आला. त्याला विनुताकडून सगळं कळलेलं होतं. मला वाटलं, आता ओरडेल. उलट कौतुक करू लागला. म्हणाला, अम्मा, ब्लॉग झकास आहे, सोडू नको, आणि गंमत म्हणजे ब्लॉग कुठूनही लिहिता येतो, बंगळूरला नेट इथल्यापेक्षा छान आहे. घ्या! ज्या खुंटीला धरून मी इथं राहणार होते तीच त्याने उपटून माझ्या हातात दिली. दोन दिवस मी त्याला नुसते वेफर वाढत राहिले. आज सकाळी उत्तर सुचलं. मी म्हटलं, बाळा, ब्लॉग कुठूनही लिहिता येतो, माफी मात्र दारात उभं राहूनच मागावी लागते. मी चुका करणार, वहीत एकशे बारा घरं आहेत, आणि चौदाव्या मजल्यावरून तिरुवैयारूची बस मिळत नाही. तो गप्प झाला. तेव्हा तुझ्या बहिणीने आपलं घर राखलं असं समज.

विघ्नेशला आणि तुझ्या सूनबाईंना आशीर्वाद. औषधं वेळेवर घे.

तुझी धाकटी,
अलमेलू

ता. क. १ : तो गप्प झाला हे खरं, पण नंतर बोलला, ते वर लिहायचं राहिलं. म्हणाला, "अम्मा, मज ब्लॉगचं काही नाही. तू रात्री एकटी असतीस, मज झोप येत नाही. सोबत कुणी असलं तर मी एक शब्द बोलणार नाही."

ता. क. २ : त्यावर मी सांगून टाकलं की दसऱ्याच्या आधी सुप्रभा अक्का कायमची इथं राहायला येते आहे. तो इतका खूश झाला की विनुताला लगेच फोन केला. तुला विचारायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र. विघ्नेश विचारील तेव्हा तुला आधीपासून माहीत होतं असं सांग.

ता. क. ३ : तू "छे, मला कुठं जमतंय" म्हणण्याआधी एक सांगते. ब्लॉग कुठल्या गावात किती वेळ वाचला जातो ते यंत्र मला दाखवतं. चेन्नई, कोइम्बतूर, तंजावर ठीक आहे. पण पुण्यात एकच वाचक आहे. रोज दुपारी तीन वाजता, म्हणजे विघ्नेश आणि तुझी सूनबाई ऑफिसात असतात त्या वेळी, चाळीस मिनिटं. आणि फोनवर तू मला सांगतेस की तुला यातलं काही कळत नाही. अक्का, तिथी बघायला एक मिनिट पुरतं. बाकीची एकोणचाळीस मिनिटं इथं येऊन माझ्याशी बोल.