चिखलाचा कसूर नाही

अड्याळ

थोरल्या जाऊबाई कुंताबाईले सुलोचनाचा नमस्कार.

माही बोटं सुजली तवा तुम्ही म्हटलं, धानाच्या रोवण्यात चिखलानं वात धरला. मले शेतातल्या बांधीतून उठवलं, माह्या जागी मजुरीनं टीना लावली. तुमची माया समजते, पण चिखलाचा कसूर नाही. डाक्टर म्हणाले, "पोटातले जंतू बिघडले तर अंगातली रोगाशी लढणारी फौज आपल्याच सांध्यांवर उठत असंल, त्याचा शोध चालू आहे. तुम्ही गोळ्या सोडू नका." मी सोडल्या नाही. सूज उतरली, डाक्टरनं रोवण्याले हो म्हटलं.

बोटं चालतात का, हे पाहाले एवढं लिहिलं. चालतात! मंग टपालात कायले टाकू? उद्या सकाळी मीच बांधीत येऊन राहिली. वाद घालू नका, रोवाले पऱ्ह्याची पेंढी हातात द्या.

तुमच्या बाजूले रोवणारी,
सुलोचना